गोल खुणेची वाटी

वाटीमावशीचं काम सांगायला सोपं आणि पटवायला कठीण. जो पदार्थ खाल्ल्याने मुलाचा घसा सुजतो असा घरच्यांना संशय, तोच पदार्थ ती त्या मुलाच्या वाटीत लपवायची. आणि असा लपवायची, की खाणाऱ्याला कळू नये, त्याच्या आईला कळू नये, समोर उभ्या डॉक्टरलाही कळू नये. एकोणीस वर्षं तिने हेच केलं. ही बाई लहान मुलांना चोरून शेंगदाणे चारते असं कुणी पाहुण्याला सांगितलं, की पाहुणा हातातला कप हळूच खाली ठेवायचा.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिचं स्वयंपाकघर. स्वयंपाकघर म्हणायचं ते तिचा मान राखायला. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात एवढीशी ती खोली. एक ओटा, एक नळ, एक फ्रिज, आणि काचेच्या पेटीत ठेवलेला वजनकाटा, इतका हळवा की शेजारी उभं राहून शिंकलं तरी आकडा हलायचा. फळीवर चार बरण्या. शेंगदाण्याची पूड, अंड्याची पूड, दुधाची पूड आणि तिळाची पूड. चारच. पाचवी बरणी त्या फळीवर कधी आली नाही, हे आत्ताच लक्षात ठेवलेलं बरं.

ओट्यासमोरच्या भिंतीत पोस्टात असते तेवढी खिडकी, तिला वरून खाली सरकणारं पत्र्याचं झाकण. पलीकडे तपासणीची खोली. पलंग, खुर्ची, भिंतीवर फुगे धरलेलं अस्वल, आणि अस्वलाच्या बरोबर खाली प्राणवायूची नळी आणि भरून ठेवलेली इंजेक्शनं. मुलं अस्वलाकडे बघायची, आया इंजेक्शनांकडे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर कातडी खोटं बोलते म्हणून. हातावर थेंब टाकायचा, सुईने जरासं टोचायचं, गांधी उठली की म्हणायचं अ‍ॅलर्जी आहे. पण कातडी कधी कधी उगाचच ओरडते. गांधी उठलेली कित्येक मुलं तोच पदार्थ मजेत पचवतात, आणि आईबाप मात्र ती गांधी बघून घरातून तो पदार्थ हद्दपार करून बसतात. मग खरं कसं कळायचं, तर खायला घालून. तेही न सांगता, कारण नुसत्या भीतीनेही माणसाचा घसा खाजतो, ओठ जड होतात. म्हणून दोन दिवस, दोन वाट्या. एकीत पदार्थ, दुसरी रिकामी. रिकामी म्हणजे तशी भरलेलीच, शिजवलेलं सफरचंद, केळं, ओट आणि कोको. फक्त तिच्यात लपवलेलं काही नाही. एकीवर त्रिकोणाची चिकटपट्टी, दुसरीवर गोलाची, आणि खुणा दर वेळी बदलायच्या. कुठल्या खुणेत काय, हे दोघांनाच ठाऊक. कपाटातल्या बंद पाकिटाला आणि वाटीमावशीला.

ती काही शिकलेली नव्हती. आधी ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, आणि ज्यांच्या हाताखाली आता ती होती त्या डॉक्टरीणबाई शिकत असताना त्याच वसतिगृहात तिच्या हातचं जेवायच्या. भोपळा न खाणाऱ्या मुलींना तिने वर्षभर भोपळा खायला घातला होता आणि वर्षाच्या शेवटी सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते मनात ठेवलं आणि मोठ्या झाल्यावर तिला शोधून आणलं. "मावशी, तुमच्या इतकं सफाईने खोटं कुणी वाढू शकत नाही," त्या म्हणाल्या. हे कौतुक होतं की काय, हे वाटीमावशीला त्या दिवशी कळलं नाही, पण ती आली.

पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. रिकाम्या वाटीच्या दिवशी ती आईकडे बघून हसायची आणि भरलेल्या दिवशी तिचे ओठ मिटलेले असायचे. एक चतुर आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आज आहे ना त्यात? तुमच्या तोंडावरच दिसतंय." सगळी तपासणी वाया. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "मावशी, हात जमले, आता तोंड जमवा."

मग तिने तोंड जमवलं. फ्रिजच्या चकचकीत दारासमोर उभी राहून ती सराव करायची. भुवया खाली, ओठ सैल, डोळे कुठेच नाहीत. सहा महिन्यांत तिचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, की संध्याकाळी घरी जाताना अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावता येतो, चेहरा लावता येत नाही.

घरी लेक होती, तेव्हा चौदा वर्षांची. नवऱ्याने आधीच संसारावर पाणी सोडलं होतं, त्यामुळे घरात दोघीच. लेक गुणपत्रक घेऊन यायची आणि आईच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

"आई, खूश आहेस की नाही ते तरी सांग."

"आहे की."

"मग तसं दिसू दे ना."

"आता तुझ्यासाठी नाचून दाखवू का?" वाटीमावशी म्हणायची आणि गुणपत्रक जपून गादीखाली ठेवायची. रोज निजण्याआधी ती ते काढून बघायची, पण ते लेकीला कसं कळणार.

लेक मोठी झाली, कचेरीत नोकरीला लागली, लग्न झालं. जावई साधा माणूस, बायको बोलली तरी मान हलवणार आणि सासू बोलली तरी हलवणार. मग ठमी झाली. ठमी हे काही तिचं खरं नाव नाही, पण गोल गाल आणि ठुमकत चालणं बघून आजीच्या तोंडातून निघालं ते चिकटलं. ठमी झाल्यावर वाटीमावशीच्या चेहऱ्याला थोडी ओल आली असं शेजारणी म्हणायच्या.

आता चुकीकडे येऊ.

वाटीत कालवायचं ते नेहमी थोडं जास्त कालवावं लागे. मूल सांडतं, थुंकतं, लाथ मारतं. उरलेलं टाकून द्यायचं आणि वहीत सही करायची असा नियम होता. भरलेल्यातलं उरलेलं ती डोळ्यांत तेल घालून टाकायची. पण रिकाम्यातलं टाकायला तिचा जीव व्हायचा नाही. चांगलं सफरचंद, चांगलं केळं, आपल्या हाताने शिजवलेलं, ते मोरीत ओतायचं? वसतिगृहात पातेलं पुसून घेणारी बाई ती. मग ती गोल किंवा त्रिकोण, जी रिकामी असेल ती वाटी डब्यात ठेवून घरी न्यायची आणि ठमीला भरवायची. आणि खालच्या रखवालदाराने डबा उघडला तर दवाखान्याची खूण दिसू नये, म्हणून निघताना चिकटपट्टी सोलून टाकायची.

सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस. ठमी दोन वर्षांची. त्या दिवशी शेंगदाण्याची तपासणी होती, दोन्ही वाट्यांचं एकदमच कालवून ठेवलेलं होतं आणि गोल खूण रिकामी होती. वाटीमावशीने गोल वाटी घेतली, जिभेच्या टोकाला लावून पाहिली, पट्टी सोलली, डबा पिशवीत टाकला. संध्याकाळी लेक ठमीला पाळणाघरातून घेऊन आईकडे आली. आजीने मांडीवर घेऊन दोन चमचे भरवले. तिसरा चमचा तोंडाशी नेला तेव्हा ठमीने ओठ चोळले. मग मानेवर लाल गांधी, मग डोळे सुजले, मग श्वासाला शिट्टी. लेक तिला उचलून रस्त्यावर धावली, आणि मागे वाटीमावशी हातात चमचा धरून धावली. तो चमचा तिने दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.

ठमी वाचली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातावर टोचून बघितलं, शेंगदाण्याच्या थेंबाखाली ही एवढी गांधी उठली. मग विचारायचं काय राहिलं? आजी घरी वाट्या आणते, त्या दिवशी शेंगदाण्याच्या होत्या, आजीने चुकीची आणली. डॉक्टरांच्या कागदावर बाकीचंही लिहिलं होतं, की वाटेत मुलीला केकचा तुकडा दिला होता, त्यात शेंगदाणे नव्हते; पण उत्तर हातात असताना प्रश्न कोण वाचतो.

"ती गोल होती," वाटीमावशी म्हणाली. "मी चाखली होती. शेंगदाणा नव्हता तिच्यात."

"आई," लेक शांतपणे म्हणाली, "तुझ्या हातचा शेंगदाणा कुणालाच लागत नाही. हेच तर काम आहे ना तुझं."

पट्टी असती तर दाखवली असती. पट्टी तिनेच सोलून टाकली होती. महिनाभर ती मनात घोकत राहिली, गोल होती, गोल होती. दुसऱ्या महिन्यात तिला वाटू लागलं, गोल होती ना? आणि वर्षभरात तिची खात्री झाली, की त्रिकोणच असणार. डॉक्टरीणबाईंना तिने सगळं सांगितलं. त्यांनी तिला काढलं नाही, पण त्या दिवसापासून उरलेलं टाकताना शेजारी सिस्टर उभी राहू लागली.

लेकीने मात्र काढलं. भांडून नव्हे, भांडली असती तर एक दिवस समेट तरी झाला असता. तिने नियम केले. ठमीचं ताट, पेला, चमचा घरून चेनच्या पिशवीत यायचे आणि पिशवीतच परत जायचे. बाहेरचं काहीही खायचं नाही, शेंगदाणा नाही, काजूबदाम नाहीत, बेकरीतलं नाही, वाढदिवसाचं नाही. आणि आजीने हात लावायचा नाही, कारण आजीचे हात दिवसभर त्या पुडींत असतात. रविवारी दोघी यायच्या तेव्हा लेक खुर्चीवर घरून आणलेली चादर अंथरायची आणि ठमी त्या चादरीवर बसायची, दुकानात मांडल्यासारखी. वाटीमावशी त्या दिवशी दोनदा अंघोळ करायची, नखं मुळापर्यंत कापायची. तरी टेबलाच्या अलीकडे ती आणि पलीकडे ठमी.

मग दोघींनी एक खेळ काढला. वाटीमावशी पाठीमागे हात नेऊन एका मुठीत बटण लपवायची आणि दोन्ही मुठी पुढे धरायची. ठमी तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची.

"डावी. नाही, उजवी. आजी, तू जरा डोळे हलव ना."

"डोळे हलवायला पैसे पडतात."

"तुझ्या तोंडावर काही लिहिलेलंच नसतं," ठमी कुरकुरायची, आणि भिंतीला टेकलेली लेक म्हणायची, "माझ्या वेळेपासून कोरंच आहे ते."

असं सहा वर्षं चाललं. रोज ती परक्यांच्या लेकरांना भरवत होती, आणि आपल्या नातीला एक घास भरवायचा एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. दुसरं काही मागावं असं तिचं वयही राहिलं नव्हतं.

यंदा दवाखान्यात नवीन यंत्रं आली. त्यांच्याबरोबर आला एक लांब मानेचा तरुण, प्रयोगशाळेत काम करणारा; सगळे त्याला नळीवाला म्हणत. दुपारी तो वाटीमावशीच्या दारात उभा राहून सफरचंदाच्या साली खायचा.

"मावशी, तुमची नोकरी खायला आलोय मी," त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"खा. साली खाऊन कंटाळला असशील."

मग त्याने समजावलं. शेंगदाणा म्हणजे एक वस्तू नव्हे. त्यात निरनिराळे घटक असतात. काही घटकांवर रक्त चिडलं तर खरा धोका. पण एखादा घटक झाडांच्या परागासारखा दिसतो, आणि ज्याला परागाचा त्रास आहे त्याची कातडी शेंगदाण्यालाही उगाच ओरडते. आता थेंबभर रक्तात कुठल्या घटकावर राग आहे ते वेगवेगळं दिसतं. आणि त्याहून पुढचं म्हणजे, रक्तातल्या जिवंत पेशी नळीत घ्यायच्या आणि त्यांनाच शेंगदाणा दाखवायचा. पेशी भडकल्या तर यंत्रात उजळतात, नाहीतर गप्प राहतात.

"म्हणजे मुलाला खायला घालायचंच नाही?"

"मुलाला कशाला? नळीला घालायचं. नळी रडत नाही, थुंकत नाही, तिची आई तुमच्याकडे बघत नाही."

"आणि मी?"

नळीवाल्याने साल चावणं थांबवलं. "सगळ्यांचंच नळीत कळतं असं नाही, मावशी. काहींना शेवटी खायला घालूनच बघावं लागेल. पण ते मोठ्या दवाखान्यात नेणार म्हणतात. ही खोली महिनाअखेरीला बंद."

वाटीमावशीने उरलेल्या साली त्याच्यापुढे सरकवल्या. तिच्या डोक्यात खोली नव्हतीच. ठमीला परागाचा त्रास होता. बाग फुलली की तिचं नाक गळायचं.

त्या रविवारी तिने लेकीजवळ विषय काढला. "खायला काही द्यायचं नाही. नुसतं रक्त. दोन चमचे रक्त."

लेक बराच वेळ चादरीची सुरकुती काढत राहिली. "आणि अ‍ॅलर्जी नसली तर?"

"नसली तर नसली."

"मग तू भरवशील तिला."

"तू म्हणशील तर."

"सहा वर्षं मी झोपेतसुद्धा तिचा श्वास ऐकतेय, आई. यंत्र म्हणालं म्हणून ते थांबणार नाही."

"थांबेल असं कुठे म्हणते मी," वाटीमावशी म्हणाली. "नुसतं रक्त."

लेकीने ठमीला आणलं. रक्त घेताना ठमी रडली नाही, तिने नळीवाल्याला विचारलं, "माझ्या पेशी चिडल्या तर तुम्ही त्यांना काय सांगता?" तो म्हणाला, "सॉरी म्हणतो." वाटीमावशी खिडकीच्या फटीतून बघत होती.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिलाही आत बोलावलं. ठमीला बाहेर अस्वलाजवळ बसवलं होतं. टेबलावर दोन कागद होते, एक नवा आणि एक सहा वर्षांपूर्वीचा, कडा पिवळ्या पडलेला. वाटीमावशी दाराशी उभी राहिली, हात एप्रनमध्ये गुंडाळून.

"शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही," डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या. "धोक्याच्या एकाही घटकावर काही नाही. जो आहे तो परागाचा भाऊ. पेशींना शेंगदाणा दाखवला, त्या ढिम्म हलल्या नाहीत. मला नाही वाटत ती कधी होती."

लेक म्हणाली, "पण त्या दिवशी झालं ना. मी बघितलं."

"झालं खरं. म्हणून मी इतरही पदार्थ लावायला सांगितले." त्यांनी नव्या कागदावर बोट ठेवलं. "काजू. त्याला पेशी अशा भडकल्या की आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलाने दोनदा करून बघितलं. ही खरी आहे, आणि जोराची आहे. हिला जन्मभर सांभाळावं लागेल. मांडीत टोचायचं औषधाचं पेन देते, ते कायम जवळ ठेवायचं." मग त्यांनी जुना कागद जवळ ओढला. "इथे लिहिलंय, वाटेत केकचा तुकडा दिला. कशाचा होता केक, आठवतंय?"

लेकीने तो कागद आपल्याकडे वळवला. "कचेरीत एकाचा निरोपसमारंभ होता. सगळ्यांना कापून दिला." ती थांबली. "वरून काजूची पूड लावलेली होती."

काजूची बरणी वाटीमावशीच्या फळीवर एकोणीस वर्षांत कधी नव्हती, हे डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, लेकीलाही माहीत होतं. गोल होती. गोलच होती. वाटीमावशीच्या छातीत सहा वर्षं बसलेला दगड कुणीतरी उचलून बाहेर फेकला, आणि तो उचलला जाताना तिचं लक्ष कशावरच राहिलं नाही. डॉक्टरांवर नाही, कागदावर नाही, तोंडावर तर नाहीच.

लेकीने मान वळवून आईकडे पाहिलं. आई हसत होती.

ओठांच्या कोपऱ्यातलं चोरटं हसू नव्हतं ते. दात दिसत होते, डोळे भरले होते, सगळा चेहरा उजळून निघाला होता. आणि समोर तिची लेक बसली होती, जिला त्याच क्षणी कळलं होतं, की आपल्या पोरीच्या तोंडात तो घास आपण आपल्या हाताने घातला.

वाटीमावशीला उमजलं तेव्हा उशीर झाला होता. तिने चेहरा मिटला. पण तो मिटताना बघणं हे हसण्यापेक्षाही वाईट होतं.

बाहेर आल्यावर लेकीने ठमीची पिशवी खांद्याला लावली. जिन्याशी ती थांबली.

"शाळेत होते तेव्हापासून वाट बघत होते मी, आई, तू कधीतरी माझ्यासमोर मनापासून हसशील म्हणून. पहिला नंबर आला तेव्हा नाही, लग्नात नाही. हसलीस ती आज."

"तुझ्यावर नाही ग हसले मी."

"माहितेय मला. तेच तर." ती पहिली पायरी उतरली. "मी सहा वर्षं तुला दोष दिला, त्याची माफी मला मागायची होती. आता मागताच येईना."

शेंगदाण्याचा पहिला घास दवाखान्यात, डॉक्टरांसमोर द्यायचा ठरला. यंत्राने सांगितलं तरी इतक्या वर्षांनी घरी एकटीने द्यायचा कुणालाच धीर नव्हता. तारीख पडली ती खोली बंद व्हायच्या आदल्या दिवसाची. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे वाटी नको, खूण नको. दुकानातून आणलेली शेंगदाण्याच्या लोण्याची बंद बाटली, आणि ठमीचा घरचा चमचा.

वाटीमावशी पहाटेच आली होती. फळीवरच्या चारही बरण्या तिने धुऊन उपड्या ठेवल्या. ओटा तीनदा पुसला. मग हात कोपरापर्यंत घासले आणि सफरचंद शिजवायला ठेवलं. केळं, ओट, कोको. एकच वाटी. तिच्यात काही नव्हतं. वर तिने गोलाची पट्टी लावली आणि अंगठ्याने चारही कडा दाबून बसवली. शेंगदाण्याचं निभावलं, की त्या खारटगोड चिकट चवीवर मुलीला काहीतरी खावंसं वाटेल, तेव्हा द्यायला. सिस्टरला तिने तसं सांगूनही ठेवलं.

झाकण बोटभर उघडं ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. ठमी पलंगावर पाय हलवत बसली होती. डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं सील फोडलं, चमच्याच्या टोकावर घेतलं आणि चमचा लेकीच्या हातात दिला. तिने चमचा ठमीच्या तोंडाशी नेला, परत मागे घेतला, परत नेला. ठमीने स्वतःच मान पुढे करून तो तोंडात घेतला.

"टाळूला चिकटतंय," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी एवढं?"

वीस मिनिटांनी आणखी थोडं. मग पूर्ण चमचा. मग दोन तास वाट. दोन तास लेक ठमीच्या मानेकडे बघत होती आणि वाटीमावशी लेकीच्या मानेकडे. काही झालं नाही. ठमीने अस्वलाच्या हातातले फुगे मोजले, मग कंटाळून खिडकीपाशी आली आणि फटीतून आत डोळा लावला.

"आजी, तुझ्याकडे काय आहे? छान वास येतोय."

वाटीमावशीने झाकण वर सरकवलं. वाटी तिने दोन्ही हातांत धरली होती, पट्टी बाहेरच्या बाजूला करून. तिने ठमीकडे नाही, तिच्या मागे उभ्या लेकीकडे बघितलं.

"रिकामी आहे," ती म्हणाली. "पट्टी काढलेली नाही."

लेकीने वाटीकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, ती त्या आठवड्यात झोपली नसावी. तिचा हात खिडकीच्या कडेपर्यंत आला. मग तिने तो ठमीच्या खांद्यावर ठेवला.

"आज नको, आई."

"बरं."

"विश्वास नाही असं नाही. मला आज कुणाच्याच हातचं बघवत नाही. माझ्या स्वतःच्यासुद्धा."

"बरं," वाटीमावशी पुन्हा म्हणाली. तिचा चेहरा कसा होता, ते सांगता येणार नाही, कारण त्यावर काही नव्हतं.

लेकीने चमचा कागदाने पुसला, चेनच्या पिशवीत टाकला, चेन ओढली. ठमीने जाता जाता पाठीमागे दोन्ही मुठी नेल्या आणि आजीपुढे धरल्या. आजीने डावीकडे बोट दाखवलं. पण लेकीने हाक मारली होती, आणि ठमी मुठी तशाच मिटलेल्या घेऊन पळाली.

थोड्या वेळाने सिस्टर आली आणि नियमाप्रमाणे शेजारी उभी राहिली. वाटीमावशीने नळ सोडला, वाटी मोरीत उलटी केली, बोटाने कडा निपटून काढल्या. सफरचंदाचा वास एकदा वर आला आणि पाण्याबरोबर गेला. मग तिने वही पुढे ओढली आणि आपल्या मोठ्या, एकेक सुट्या अक्षरात लिहिलं: गोल खूण. एक वाटी. कुणी खाल्ली नाही. टाकली.

खाली सही केली. पान अर्धं कोरं राहिलं, ते तसंच ठेवून तिने वही मिटली.